१२०चा बोर्ड आणि ऑगस्टचा पाऊस

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

पुंडलिकनगरातून, नेहमीच्याच वरच्या खोलीतून बोलतोय. खाली गल्लीत रिक्षा वळली की आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या. हा भाग गाडी चालवताना ऐकत असाल तर जरूर ऐका, फक्त फोन हातात घेऊ नका. आज विषयच वेगाचा आहे.

गोष्ट गेल्या ऑगस्टमधली. ठाण्याला आत्याकडे गेलो होतो, परत येताना समृद्धी महामार्ग धरला. गाडी मी चालवत होतो, शेजारी मामा, मागे आई. शिर्डी मागे पडली आणि वैजापूरच्या आसपास पाऊस सुरू झाला. वायपर फुल स्पीडला टाकला तरी समोर नुसता पांढरा पडदा. मी गाडी साठवर आणली आणि डावी लेन धरली. तेवढ्यात उजवीकडून एक कार पाणी उडवत गेली, माझ्या अंदाजाने शंभरच्या पुढे. तिच्या मागची दुसरी आमच्याच लेनमध्ये होती. तिने अगदी शेवटच्या क्षणी लेन बदलली. आई मागून म्हणाली, "हळू घे रे." मी तर हळूच होतो. खरं सांगायचं तर मी हळू होतो म्हणूनच घाबरलो होतो.

आणि लगेच हेडलाइटमध्ये बोर्ड चमकला. लाल गोल, आत १२०.

मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. ते त्या बोर्डाकडे बघत म्हणाले, "बोर्डाला पाऊस कळत नाही, बाबा."

घरी आल्यावर झोप लागली नाही, म्हणून हिशेब मांडत बसलो. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. ताशी ६० म्हणजे साधारण १७ मीटर. मी साठवर आणि मागचा एकशेवीसवर असेल, तर तो दर सेकंदाला १७ मीटरनी माझ्या जवळ येतो. पावसात त्याला समोरचं ५० मीटरच दिसत असेल, तर त्याच्या हातात तीन सेकंद. त्यातला एक सेकंद नुसतं समजायला जातो. आणि कायद्याच्या नजरेत आम्ही दोघंही बरोबर होतो!

मग प्रश्न पडला की कोरड्या दुपारी आणि धो धो पावसाच्या रात्री रस्त्यावरचा आकडा एकच का असतो? तो हलू शकत नाही का? जगात साठ वर्षांपासून हलतोय. आणि आपल्या महाराष्ट्रातही हलतो, फक्त रस्त्यावर नाही. आज तीच गोष्ट सांगतो.

झेंडेवाला माणूस

सुरुवात इंग्लंडमधून. साल १८६५. रस्त्यावर वाफेच्या इंजिनाच्या गाड्या यायला लागल्या होत्या आणि लोक घाबरले होते. ब्रिटिश संसदेने कायदा केला की गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात ताशी २ मैल, आणि गाडीच्या पुढे एक माणूस लाल झेंडा घेऊन चालणार. आज हे ऐकून हसू येतं. पण त्या माणसाकडे असं काहीतरी होतं जे समृद्धीवरच्या बोर्डाकडे नाही. त्याला डोळे होते. समोरून घोडा बिथरून आला तर तो झेंडा दाखवून गाडी थांबवायचा. म्हणजे कायद्याचा आकडा स्थिर असला तरी त्या क्षणाचा वेग परिस्थिती बघून ठरायचा.

१८९६च्या कायद्याने हलक्या गाड्यांसाठी पुढे चालणाऱ्या माणसाची अट काढली आणि मर्यादा ताशी १४ मैलांवर नेली. गाड्या वाढत गेल्या, प्रत्येकीपुढे माणूस चालवणं शक्य नव्हतं. माणूस गेला आणि त्याच्या जागी हळूहळू बोर्ड आला. बोर्ड स्वस्त असतो, रात्रंदिवस उभा राहतो, पगार मागत नाही. फक्त त्याला दिसत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा पहिल्यांदा १९१४ मध्ये आला, मग १९३९ मध्ये, आणि आजचा १९८८चा. यातलं कलम ११२ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ते सांगतं की राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या रस्त्यावरची वेगमर्यादा ठरवू शकतो आणि तिथे तसे फलक लावावे लागतात. थोडक्यात आपल्या वेगमर्यादेचं मूळ घर राजपत्र. बोर्ड ही त्याची झेरॉक्स.

एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने देशभरासाठी कमाल आकडे ठरवले. एक्सप्रेसवेवर कारला १२०, बसला १००, मालवाहू गाड्यांना ८०. इथे गाडीचा प्रकार बघितला, रस्त्याचा प्रकार बघितला. वेळ, हवा आणि गर्दी मात्र बघितली नाही.

आकडा पहिल्यांदा हलला तेव्हा

१९६५. जर्मनीतला आठ नंबरचा ऑटोबान, म्युनिक ते साल्झबर्गच्या बाजूचा. साधारण ३० किलोमीटरच्या पट्ट्यात असे बोर्ड बसवले की ज्यांच्यावरचा आकडा यंत्राने बदलता यायचा: ६०, ८० किंवा १००. माणसं पडद्यावर वाहतूक बघत बसायची आणि आकडा बदलायची. सोबत 'धोका' किंवा 'अपघात' असा मजकूरही दाखवता यायचा. म्हणजे नुसतं "हळू व्हा" नाही, तर का हळू व्हायचं तेही. ही बारीक गोष्ट धरून ठेवा, शेवटी मामांना उत्तर द्यायला कामी येणार आहे.

पुढचा मोठा टप्पा १९९५, लंडन. लंडनभोवती एम-२५ नावाचा रिंग रोड आहे, १९८६ मध्ये पूर्ण झालेला. काही वर्षांतच तो इतका तुंबला की लोक त्याला देशातलं सगळ्यात मोठं पार्किंग म्हणायला लागले. मग त्याच्या नैऋत्येकडच्या, विमानतळाजवळच्या पट्ट्यात प्रयोग सुरू झाला. रस्त्याच्या पोटात तारांची वेटोळी पुरलेली, वरून गेलेली प्रत्येक गाडी मोजणारी. एका लेनमधून तासाला जाणाऱ्या गाड्या १६५०च्या वर गेल्या की वरच्या कमानीवरचा आकडा ७० मैलांवरून ६० वर यायचा. २०५०च्या वर गेल्या की ५०. आपल्या हिशेबात ११२ वरून ९६, मग ८० किलोमीटर.

आणि त्या आकड्याभोवती लाल कडं होतं. सगळी जान त्या कड्यात आहे. ब्रिटनमध्ये त्याआधीही दिव्यांचे बोर्ड होते, पण ते सल्ला देणारे. पाळला तर पाळला, नाहीतर नाही. सल्ल्याचं काय होतं हे जालना रोडवर रोज दिसतं. लाल कडं आलं म्हणजे तो आदेश झाला, आणि मागे कॅमेरा आला.

हळू जाऊन लवकर कसं पोचायचं?

इथे तुम्ही म्हणाल, गर्दी झाल्यावर वेग आणखी कमी करायचा, हा काय उलटा कारभार?

मलाही तसंच वाटायचं. पण २००८ मध्ये जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटरचा गोल ट्रॅक, त्यावर २२ गाड्या. सगळ्यांना सांगितलं, एकाच वेगाने फिरत राहा. सिग्नल नाही, खड्डा नाही, मध्ये म्हैस नाही. तरी थोड्या वेळात कोंडी तयार झाली! कोणीतरी किंचित ब्रेक दाबला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने अजून जास्त, आणि शेवटी एक गाडी पूर्ण थांबली. ती थांबण्याची लाट उलट्या दिशेने मागे मागे सरकत राहिली. तुम्हीही कधीतरी हायवेवर वीस मिनिटं अडकून पुढे गेला असाल आणि बघितलं असेल की तिथे काहीच नाही. ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक. ती हीच लाट.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हरवर एकदम लोड आला की आम्ही येणाऱ्या रिक्वेस्टचा वेग थोडा बांधतो. प्रत्येकाला किंचित थांबावं लागतं, पण सर्व्हर आडवा होत नाही. बांधलं नाही तर सगळ्यांचंच अडतं. रस्त्याचं तेच. कोंडीच्या दोन-तीन किलोमीटर आधीच सगळ्यांना ११२ वरून ८० वर आणलं तर ब्रेक कमी लागतात, कट मारणं कमी होतं, लाट उठतच नाही किंवा बारीक राहते. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे गाड्यांमधला वेगाचा फरक कमी होतो. माझे ते तीन सेकंद आठवा. तिथे खरा धोका होता आमच्या दोघांतल्या फरकाचा.

एम-२५ वर इजा होणारे अपघात कमी झाले, प्रवासाला किती वेळ लागेल याचा भरवसा वाढला, आणि ही पद्धत इतर मोटरवेंवर पसरली. पण पूर्ण गोष्ट सांगायला हवी. पुढे ब्रिटनने याच यंत्रणेच्या जोरावर काही रस्त्यांच्या कडेची आपत्कालीन लेनच वाहतुकीला देऊन टाकली. बंद पडलेली गाडी चालू लेनमध्ये उभी राहायला लागली, माणसं गेली, लोक चिडले. २०२३ मध्ये सरकारने असे नवे रस्ते करणं थांबवलं. राग हलत्या आकड्यावर नव्हता, काढून घेतलेल्या लेनवर होता. तंत्रज्ञानाच्या नावाखाली सुरक्षेची दुसरी वस्तू काढून घेतली की काय होतं, त्याचा हा धडा.

बोरघाट: झेंडेवाला अजून आहे

आता आपल्याकडे या. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली. ती वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा अजून सांगतात आणि घाटात त्याचं देऊळही आहे. मग २००२ मध्ये मुंबई–पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, देशातला अशा तऱ्हेचा पहिला.

सुरुवातीला तिथे मर्यादा ८० होती. २०१९ मध्ये कारसाठी सपाटीवर १०० आणि घाटात ५० असे आकडे आले. म्हणजे जागेप्रमाणे आकडा बदलतो हे आपण मान्य केलं. वेळेप्रमाणे बदलतो, हे मात्र कागदावर आलं नाही.

पण प्रत्यक्षात? लाँग वीकेंडला घाटात गेला असाल तर बघितलं असेल. गाड्या तुंबल्या की महामार्ग पोलीस कधीकधी दहा-पंधरा मिनिटांचा ब्लॉक घेतात. एक बाजू थांबवतात, तिच्या लेन दुसऱ्या बाजूला देतात. सुट्ट्यांमध्ये अवजड गाड्यांना ठरावीक वेळ बंदी घालतात. पावसात, धुक्यात एखादा हवालदार रेनकोट घालून उभा राहून हाताने "हळू, हळू" करतो. मंडळी, हा तोच १८६५चा माणूस! परिस्थिती बघून रस्ता हलवणारा. त्याचं काम चुकीचं नाही, पण तो एकटा आहे, भिजलेला आहे, आणि दोन किलोमीटर मागच्या ड्रायव्हरला तो दिसत नाही.

याच रस्त्यावर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली. मग पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून एकेक धोक्याची जागा शोधून दुरुस्त केली आणि २०१९ पर्यंत आकडा ९२ वर आला. जुलै २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा सुरू झाली. ती सरासरी वेगही मोजते, म्हणजे दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलं त्यावरून. त्यामुळे कॅमेऱ्याजवळ ब्रेक मारून पुढे दामटण्याची युक्ती चालत नाही.

म्हणजे पकडणारा डोळा आला. बोलणारा आकडा यायचा राहिला.

आणि कायदा आड येतो का? इथे कलम ११२ परत काढा. त्यातच लिहिलंय की निर्बंध एक महिन्याहून जास्त काळासाठी नसेल, तर राजपत्रात अधिसूचना काढण्याची गरज नाही. १९८८ मध्ये हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर डिजिटल बोर्ड नसणार. पण तात्पुरता आकडा ही कल्पना त्यांना मान्य होती, तिची खिडकी आपल्या कायद्यात उघडी आहे. दर मिनिटाला बदलणारा आकडा त्यातून नीट आत यायचा तर नियम नव्याने, स्पष्ट लिहावे लागतील. पण भिंत फोडायची गरज नाही.

जिथे आकडा हलतो

आता मी सुरुवातीला म्हणालो होतो ती जागा. कोकण रेल्वे.

पूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर दरड आली आणि कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीतली विशेष गाडी घसरली. ५१ माणसं गेली. पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. पुन्हा पाऊस, पुन्हा दगड.

आज कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. त्या काळात गाड्यांचा कमाल वेग कमी केलेला असतो, मोठ्या पट्ट्यात ७५. पाऊस इतका की समोरचं दिसत नाही, तर चालकाला सूचना आहे की ताशी ४० वर या. काही मोठ्या पुलांवर, पानवलच्या उंच पुलावर, गोव्यात मांडवी आणि जुवारीवर, वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. वारा मर्यादेपलीकडे गेला की गाड्या रोखतात. पाऊस मोजणारी यंत्रंही मार्गावर आहेत.

म्हणजे ऋतू बघून एक आकडा, त्या क्षणाचा पाऊस बघून दुसरा, वारा बघून तिसरा. आणि हे सल्ले नाहीत, आदेश आहेत. गणपतीला गावी जाणारा प्रत्येक चाकरमानी हे जाणतो. पावसाळ्यात गाडीला वेळ जास्त लागतो, तो आधीच छापून सांगितलेला असतो. लोक कुरकुरतात, पण "ही फसवणूक आहे" असं कोणी म्हणत नाही. कारण सगळ्यांना का ते माहीत आहे.

अर्थात रेल्वेचं सोपं आहे, हे मान्य. एक नियंत्रण कक्ष, प्रशिक्षित चालक, एकामागे एक गाडी. रस्त्यावर हजारो मालक, हजारो मूड. म्हणूनच रस्त्याला विश्वास जास्त लागतो.

मामांचा प्रश्न

समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ जण गेले. १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात जांबरगावच्या टोलनाक्याजवळ मिनीबस ट्रकला मागून धडकली, १२ जण गेले. सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिकला परतणारी माणसं होती. हलता आकडा असता तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही, ते प्रामाणिक होणार नाही. पण त्या पावसाच्या रात्री आम्ही होतो तो पट्टा हाच, आणि मागून येऊन धडकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी उत्साहात मामांना सांगायला गेलो. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "तू सांगायलास की बोर्ड बदलणार. मंग मी बोर्डाखालून गेलो आन् मागं बदलला, तर? चलान कोणाला?"

बरोबर प्रश्न आहे. चलानचा मेसेज आल्यावर "हे कुठे, कधी?" असं म्हणत डोकं खाजवणारे तुमच्या घरातही असतील. आकडा हलवायचा आणि कॅमेरा लावायचा, एवढंच केलं तर लोक त्याला सापळा म्हणतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

इतिहासात याचं उत्तर आहे. ब्रिटनमध्ये आकडा उतरला की कॅमेरा लगेच पकडत नाही, मध्ये थोडा वेळ सोडतात, कारण जोरात ब्रेक मारायला लावणं हाच उलट धोका. बोर्ड एकदम १२० वरून ६० वर येऊ नये, टप्प्याटप्प्याने यावा. बोर्डावर त्या मिनिटाला काय आकडा होता याची नोंद चलानबरोबर दिसावी. आणि जर्मनीच्या त्या १९६५च्या बोर्डासारखं कारण दिसावं: पाऊस. धुकं. पुढे अपघात. पाऊस थांबला की आकडा परत वरही जावा, म्हणजे लोकांना कळेल की तो खरंच बघतोय.

मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "कारण लिहा म्हणावं. कंडक्टर डबल बेल मारतो तेव्हा ड्रायव्हर विचारत नाही. भरोसा असतो."

तोपर्यंत काय? तोपर्यंत १२० हा कमाल आकडा आहे, तेवढा गाठायलाच हवा असं नाही. पावसात वेग उतरवा, पण एकदम नाही, आरशात बघून. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. आणि डाव्या लेनमध्ये कोणी साठवर चाललं असेल तर डिपर मारू नका. त्याच्या मागच्या सीटवर कदाचित त्याची आई बसलेली असेल.

पावसात तुमच्यासोबत असं काही घडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. घरी पोचल्याचा मेसेज टाकत जा. भेटू पुढच्या शनिवारी.